हसऱ्या पोरीची पिशवी

परतूर, १६ जून

मुकुंद,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सामसूम. पत्राला निळी खूण नसते. तू वाचलंस की नाही हे मला कळणार नाही, आणि न कळलेलंच बरं. चारचौघांत तुला ‘अहो’ म्हणत आले, पण इथे चारचौघं नाहीत, म्हणून ‘तू’च लिहिते. कंपनीच्या हैदराबादच्या डेपोचा पत्ता ऋषी भावजींकडून घेतला. सख्ख्या भावाचा पत्ता त्याच्या बायकोला द्यायला त्यांनी बरेच आढेवेढे घेतले.

पेरण्या सुरू झाल्या आहेत. काल आष्टीला गेले होते. मुबारकभाईंच्या बियाण्याच्या दुकानासमोर ही गर्दी, आणि दुकानात आपली चिन्मयी. एकीवर एक रचलेली, पार छतापर्यंत. पांढरा फ्रॉक, मागे फुटलेला कापूस, उन्हाने बारीक झालेले डोळे आणि ते हसू. खाली तुमच्या कंपनीच्या वाणाचं नाव, सेराफिक. पिशवी उलटी केली की मागे सूचना आहे, बियाण्याला विष लावलेलं आहे, लहान मुलांपासून दूर ठेवा. ही सूचना तिच्याच पाठीवर छापावी, हे कुणाला खटकलं नाही का रे?

मी मुबारकभाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, पिशवीवरचा फोटो बदलला तर चालेल का. ते म्हणाले, “मॅडम, वाणाचं नाव कोण घेते? हसऱ्या पोरीची पिशवी द्या म्हणतात. फोटो बदलला तर डुप्लिकेट माल हाय म्हणून वापस आणतील.” ती पोर कोणाची हे त्यांना माहीत नाही. मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बिचाऱ्यांना पुढची पिशवी हातात धरवली नसती.

आता मुद्द्याचं. पुढच्या हंगामाच्या पिशव्या संक्रांतीनंतर छापायला जातील. भावजी म्हणतात, “वहिनी, तुम्ही दोघांनी नको म्हटलं तर मी फोटो काढून टाकतो, धंदा गेला उडत. पण दादा हो म्हणून बसलाय, त्याचं त्यानं मागं घ्यावं.” तेव्हा एक फोन कर. मला नको, भावजींना कर. तिला या उन्हातून घरात आणायचं आहे, दुसरं काही मागत नाही.

श्रद्धा

परतूर, ९ जुलै

मुकुंद,

उत्तर नाही. वाट पाहत होते असं नाही, पण पोस्टमन दिसला की मान आपोआप वळते.

आज अकरावीच्या वर्गात एक मुलगी उभी राहिली. आमच्या घरी सेराफिक लावलंय म्हणाली, त्याचा अर्थ काय होतो? इंग्रजीच्या बाईला इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला, यात तिचं काही चुकलं नाही. मी खडू उचलला.

सेराफ म्हणजे देवदूतांमधले अगदी वरच्या पायरीचे, देवाच्या सिंहासनाजवळ उभे असणारे. त्यांच्यासारखं जे, ते सेराफिक. निर्मळ, शांत, या जगातलं न वाटणारं. मग वापर सांगितला, कारण नुसता अर्थ पाठ करून भाषा येत नाही. हसू सेराफिक असतं, चेहरा असतो, गाणाऱ्याचा आवाज असू शकतो, झोपलेल्या बाळाचं तोंड तर हमखास. रोजच्या बोलण्यात तो शब्द कुणी काढत नाही, थोडा पुस्तकी आहे. नुसत्या सज्जन माणसाला लावला तर जड होतो. ज्याच्यावर जगाचा ओरखडा उमटलेला नाही, त्याला तो शोभतो. कधी थट्टेनेही वापरतात. भावाच्या वाटणीचं श्रीखंड फस्त करून साळसूदपणे बसलेल्या पोराच्या चेहऱ्यालाही सेराफिक म्हणतात. वर्ग हसला. कापसाला मात्र लावत नाहीत, असं मी शेवटी सांगितलं. भावजींनी पिशवीवर ‘सेराफिक बोंडे, सेराफिक उतारा’ असं छापलंय. तेवढ्यासाठीसुद्धा मी त्यांच्याशी भांडायला हवं होतं.

हा शब्द आपल्या घरात मीच आणला. चिनू पाळण्यात होती, झोपेत हसत होती, आणि माझ्या तोंडून तो निघून गेला. तू विचारलंस म्हणजे काय. मी सांगितलं, आणि पुढे कितीतरी दिवस तू जो भेटेल त्याला तो ऐकवत होतास. माझ्या पोरीचं हसू कसं आहे, तर सेराफिक. जालन्याच्या मोंढ्यात हमालांनासुद्धा तू अर्थ समजावून सांगितला होतास. वाणाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा तूच ते सुचवलंस. नावाबद्दल माझी काही तक्रार नाही. तेव्हा ती होती.

तक्रार फोटोबद्दल आहे. कंपनीच्या प्लॉटवर ऑक्टोबरच्या उन्हात तिला उभं केलंत. डोक्यावर पिवळी टोपी होती. फोटोवाला म्हणाला चेहऱ्यावर सावली येते. तू टोपी काढलीस, ती तुझ्याकडे बघून हसली, फोटो निघाला. त्याच आठवड्यात तिला ताप भरला आणि तो उतरलाच नाही. तिचा शेवटचा फोटो तो. पिशवीवर द्यायला तू मला न विचारता हो म्हणालास, आणि मला कळलं ते भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत. त्यानंतर या घरात आपण दोघं एका ताटाला बसलो नाही, आणि मग तू हैदराबादचा डेपो मागून घेतलास.

वर्गात एक गोष्ट सांगायची मी टाळली. त्या शब्दाच्या मुळाशी आणखी एक अर्थ आहे. तुलाही तो कधी सांगितला नाही. आज नको.

श्रद्धा

परतूर, १८ ऑगस्ट

मुकुंद,

पेरणी आटोपली की रिकामी पिशवी काठीला अडकवायची आणि काठी बांधाजवळ रोवायची. पिशवीचं तोंड रस्त्याकडे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं यंदा काय लावलंय. बियाण्याच्या धंद्यातल्या माणसाला मी हे कशाला सांगते आहे? सांगते, कारण तू ऑफिसात बसून विकलंस. तू एकदा स्कूटीवरून परतूर ते आष्टी येऊन बघ.

दोन्ही बाजूंना चिनू उभी आहे. काठी जेवढी तेवढी ती, कुठे गुडघ्याएवढी, कुठे माझ्या खांद्याला लागेल एवढी. आष्टीच्या अलीकडे पुलाजवळ एक काठी आहे, ती बरोबर तिच्या उंचीची. तिथे मी स्कूटी जोरात काढते. मागून वाऱ्याने पिशवी फिरते आणि आरशात ती माझ्याकडे बघत असते. एकदा मी थांबले आणि मागे वळून ‘चल’ म्हणाले. रस्त्यावर कोणी नव्हतं म्हणून बरं.

तुला आणखी एक सांगते. छापलेला चेहरा उन्हात राहिला की त्यातला लाल रंग आधी उडतो. मग पिवळा उडतो. निळा शेवटपर्यंत टिकतो. आता ऑगस्टमध्ये तिचे गाल निळसर झाले आहेत, ओठ तर पुरते निळे, आणि हसू तसंच. तिचे तसे ओठ मी एकदा पाहिले आहेत. तूही पाहिलेस. रोज कॉलेजला जाता-येता ते पुन्हा पाहायची माझ्यात ताकद नाही.

म्हणून मी पिशव्या काढते. स्कूटी लावते, बांधावर उतरते, काठीवरून पिशवी सोडवते आणि पर्समध्ये ठेवते. एका शेतकऱ्याने मला कृषी खात्याची बाई समजून चहा पाजला आणि बोगस खताची तक्रार माझ्याकडे नोंदवली. मी मान डोलावत राहिले. आणलेल्या पिशव्या लोखंडी पेटीत ठेवल्या आहेत, तिच्या फ्रॉकांवर. हाताला त्या औषधाचा वास लागतो, साबणाने जात नाही. दुपारी पत्र्याचं छत तापलं की पेटीत प्लॅस्टिक चुरचुरतं. कोणीतरी आत कूस बदलल्यासारखा आवाज येतो. मी शेजारच्या खोलीत वह्या तपासत बसते आणि ऐकते. पेटी उघडत नाही.

फोन केलास का भावजींना?

श्रद्धा

परतूर, १२ सप्टेंबर

मुकुंद,

हे वाचून तू म्हणशील, हिला डॉक्टरला दाखवा. म्हण.

काल पुलाजवळच्या त्या काठीपाशी मनाचा हिय्या करून उतरले. आज हिलाही घरी न्यायचं, असं ठरवून गेले होते. जवळ जाऊन पाहते तर तिच्या डोक्यावर टोपडं. लहान बाळांना घालतात तसं, कापडाचं, हनुवटीपर्यंत ओढलेलं, खाली गाठ मारलेली. चेहरा सगळा झाकलेला. शेतात चिटपाखरू नव्हतं, कापूस कमरेएवढा वाढलेला, वारा पडलेला. मला भीती वाटली. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलांना मी वर्गात झापते, पण काल मागे न बघता स्कूटी गाठली.

पुढच्या वळणावर दुसरं टोपडं. त्याच्या पुढे तिसरं. जिथे जिथे मी अजून पोचले नव्हते, तिथे तिथे माझ्या आधी कोणीतरी जाऊन आलं होतं. मी तिला काढून आणते आहे आणि कोणीतरी तिला सजवून तिथेच ठेवतं आहे. काल माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. एक मात्र लिहिते. मला वाटलं, तिलाच घरी यायचं नाहीये.

मी एकही पिशवी काढली नाही. टोपड्याला हातसुद्धा लावला नाही. तशीच परत आले.

श्रद्धा

परतूर, ६ ऑक्टोबर

मुकुंद,

तू.

पुलाजवळचं शेत केशरबाईंचं आहे. आज त्या कापूस वेचत होत्या. ही पोर कोणाची हे मी त्यांना सांगितलं नाही, नुसतं विचारलं, मावशी, हे टोपडं तुम्ही घातलं का?

“न्हाई बाई. एक साहेब आल्ते मोटरसायकलवर. मला इचारलं, मावशी, हे बांधू का. म्हन्लं बांधा, माझं काय जातंय. मंग लई येळ उभे ऱ्हायले उन्हात, सोताच्या डोक्याला काही न्हाई. म्हन्लं, साहेब, हे कशापाई? तर म्हन्ले, तिला ऊन सोसत न्हाई.”

तेव्हा मी पहिल्यांदा कापडाकडे नीट पाहिलं. पिवळी बदकं. चिनूची बदकांची चादर, जी तू गेल्यापासून सापडत नव्हती, जिच्यासाठी मी तुझ्या आईवर संशय घेतला होता की त्यांनी भांडेवालीला दिली. तू ती नेलीस. नेलीस आणि कापलीस. तुला तर शर्टाचं बटणही लावता येत नव्हतं, हे टाके कुणाकडून शिकलास? फार वाईट आहेत टाके, उलटसुलट, पण सुटतील असे नाहीत.

आधी मला इतका राग आला की बांधावरच रडले. केशरबाईंनी पाणी आणून दिलं. हैदराबादहून रेल्वेने येतोस, परतूरच्या स्टेशनवर उतरतोस, कोणाची तरी मोटरसायकल मागून घेतोस, आणि तिथून हाकेच्या अंतरावर असलेल्या घराकडे फिरकत नाहीस. माझी पत्रं मिळाली तर तुला! ऑगस्टचं पत्र वाचून आलास ना? निळे ओठ वाचून आलास.

मुकुंद, तिचा ताप उन्हाचा नव्हता. डासाचा होता. डॉक्टरांनी रिपोर्ट समोर धरून सांगितलं, तू माझ्या शेजारी बसला होतास. टोपी काढली म्हणून ती गेली असं मी कधी म्हटलं नाही, तुझी आई म्हणाली नाही, कोणीच म्हणालं नाही. तू एकट्यानेच ते ठरवलंस आणि शिक्षाही करून घेतलीस. आणि त्यात मला सोडून गेलास. माझा राग टोपीचा कधीच नव्हता. मला न विचारल्याचा होता.

आता कळतंय तू हो का म्हणालास. घरात ती नव्हती, पण पिशवीवर तरी राहील, दरवर्षी उगवेल, असं तुला वाटलं असणार. मी तिला गोळा करत फिरते, तू तिला झाकत फिरतोस. एकाच रस्त्यावर, एकमेकांना चुकवून. ख्रिस्ती धर्मग्रंथातल्या जुन्या वर्णनांमध्ये सेराफांना सहा पंख आहेत. दोन पंखांनी ते उडतात, दोहोंनी पाय झाकतात, आणि दोहोंनी चेहरा झाकतात, कारण समोर जे आहे ते त्यांना बघवत नाही. वर्गात मी हे सांगत नाही. तू मात्र कुणी न सांगता ते करत होतास.

पण फोन केला नाहीस. भावजींना विचारलं मी. टोपडी घालायला येतोस आणि पिशव्या थांबवत नाहीस, याला काय म्हणू?

श्रद्धा

परतूर, २० डिसेंबर

मुकुंद,

इतके दिवस लिहिलं नाही. जे लिहायचं होतं ते तुला कळूच नये असं वाटत होतं. पण संक्रांत जवळ आली आहे आणि तू अजून गप्प आहेस, तेव्हा लिहिते. मन घट्ट करून वाच.

तू हंगामात येतोस. हंगाम संपल्यावर काय होतं ते तू पाहिलेलं नाहीस. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटतात, बांधावर ढीग करतात आणि पेटवतात. काठ्याही त्यातच जातात. काठीवरची पिशवी काढून घ्यायची कुणाला आठवण राहणार? त्यांच्यासाठी ती रिकामी पिशवी आहे.

परवा कॉलेजमधून येताना एका शेताच्या कडेला धूर दिसला. ढिगाच्या टोकाला ती काठी होती. तू घातलेलं टोपडं आधी पेटलं. बदकं गेली. मग चेहरा उघडा पडला, निळा, हसरा, आणि कडेने आत आत वळत गेला. मी स्कूटीवरून उतरेपर्यंत काही उरलं नव्हतं. शेताचा मालक म्हणाला, “मॅडम, धूर लागंल, बाजूला सरका.” मी सरकले.

आता तो मुळाचा अर्थ सांगते. तो शब्द ज्या जुन्या भाषेतून आला, तिथे त्याचा अर्थ जळणारे असा आहे. देवाच्या इतक्या जवळ उभे असतात म्हणून सतत जळणारे. पाळण्याजवळ तुला सांगितलं तेव्हा मला तो माहीत नव्हता. चिनू दवाखान्यात होती, मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते, आणि हातात काही असावं म्हणून मोबाईलवर तो शब्द शोधला. तिचं अंग हाताला भाजत होतं. मोबाईल मी पर्समध्ये टाकला. त्या दिवशीही ती माझ्याकडे बघून एकदा हसली होती. तेव्हाचं हसू पिशवीवरच्या हसण्यापेक्षा वेगळं होतं. त्याचा फोटो कुणी काढला नाही, याबद्दल मी देवाचे आभार मानते.

तू म्हणशील ती दरवर्षी उगवते. ती दरवर्षी जळते, मुकुंद. परतूरपासून आष्टीपर्यंत, बांधाबांधावर. तुझी टोपडी तिला उन्हापासून वाचवतील, आगीपासून नाही. मला आणखी एक हिवाळा हा धूर बघवणार नाही. एक फोन कर.

केशरबाई सोमवारी पऱ्हाट्या उपटणार आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, “ती काठी मी उपटीत न्हाई बाई. तुमची तुम्ही घिऊन जा.”

श्रद्धा

परतूर, ११ जानेवारी

मुकुंद,

काल भावजींचा फोन आला. आवाज बसला होता त्यांचा. म्हणाले, “वहिनी, दादाचा फोन आल्ता. फोटो काढून टाक म्हन्ला. दुसरं काही बोललाच न्हाई, नुसता रडून राह्यला.” पुढच्या वर्षीच्या पिशवीवर नुसतं बोंड असेल. लोक डुप्लिकेट म्हणतील तर म्हणोत, असं ते स्वतःच म्हणाले. नाव तेवढं सेराफिक राहणार आहे. राहू दे. चुकीच्या वापराची आता मला सवय झाली आहे.

वाटलं होतं सुटल्यासारखं होईल. तसं झालं नाही. आज आष्टीला जाताना रस्ता दोन्हीकडे मोकळा होता, काळी जमीन, कुठे कुठे राखेचे डाग. पुलाजवळ मी सवयीने स्कूटी जोरात काढली आणि मग लक्षात आलं की आता तिथे कोणी नाही. आरशातही कोणी नव्हतं. मी पुढे जाऊन थांबले. ती तिथे होती तोवर मला नको होती, आणि आता तो रस्ता मला ओळखू येईना.

काठी घरी आणली आहे. अंगणात, तुळशीच्या पलीकडे रोवली आहे. शेजारच्या बायकांना वाटतं मी घरी कापूस लावणार आहे. पेटीतल्या बाकी पिशव्या तशाच आहेत, त्या एकटीने पुरणार नाही आणि जाळणार तर नाहीच. त्यांचं काय करायचं ते आपण दोघं ठरवू, या वेळी विचारून.

काठीवरचं टोपडं मी काढलेलं नाही. पावसाने गाठ आवळली आहे, पण ते कारण नाही. त्याखाली निळा रंग राहिला आहे की तू वेळेवर झाकलंस म्हणून तिचे गाल अजून गुलाबी आहेत, हे मला बघायचं आहे आणि एकटीने बघवत नाही. रोज सकाळी हात गाठीपर्यंत जातो आणि परत येतो.

स्टेशनवर उतरलास की या वेळी मोटरसायकल मागू नकोस, चालत ये. त्या दिवशी टोपी तू काढली होतीस. आताही तूच काढ. मी शेजारी उभी असेन.

श्रद्धा